सालीची पंगत

“म्याडम आल्या, म्याडम आल्या! गप बसा गं,” असं कुणीतरी ओरडलं आणि ओवी मधेच थांबली. पण थांबायच्या आत तिचे दोन्ही चरण माझ्या कानांवर पडून गेले होते.

पंगत बसली दारात, एका पानी लाडू, एका पानी कोंडा
असल्या वाढनारनीच्या बाई, पडो हातावरी धोंडा

शेडमध्ये तीस-एक बायका दोन रांगांत बसल्या होत्या. डोक्याला जाळीच्या टोप्या, पुढ्यात डाळिंबांचे ढीग. फळाचा तुरा कापायचा, चार चिरा द्यायच्या, फळ उलटं धरून पळीनं टकटक मारलं की दाणे भांड्यात आणि साल मागच्या टोपलीत. दाणे तिथून थंड पेटीत बसून मोठ्या शहरांना जायचे. सालीचा शेडमागे डोंगर व्हायचा, आणि डोंगरावर शेळ्यासुद्धा फिरकायच्या नाहीत.

“ओवी नवी दिसतेय,” मी म्हटलं.

बायका एकमेकींकडे बघून टोपीच्या आत हसल्या.

“कसली नवी म्याडम! जुनीच हाय, सा म्हयन्यांची,” कोपऱ्यातली गुलाब म्हणाली, आणि अख्खी रांग फसकन हसली.

“कुणी रचली?”

“ज्यांच्या हातावर धोंडा पडनार हुता, त्यांनीच.”

पुन्हा हशा. फक्त रांगेच्या टोकाची तानूबाई हसली नाही. ती मुकादमीण. साठीला टेकलेली, बारीक अंगाची, दहा वर्षं साल हाताळून बोटं कोळशासारखी झालेली. माझं गोंदेवाडीतलं सगळं काम तिच्या भरवशावर चाललं होतं. तिनं डाळिंब खाली ठेवलं, पदराला हात पुसले आणि म्हणाली, “म्याडम, चहा घ्या आधी. मग काय त्ये बोलू.”

मला वाटलं, हिला कसं कळलं, मी आज काय सांगायला आलेय ते?

या गोष्टीला आता सोळा वर्षं होतील. मी तेव्हा चोवीस वर्षांची, कॉलेजात डॉक्टर हेर्लेकरांच्या हाताखाली संशोधन करणारी. सरांना एकच ध्यास होता, जे फेकतात त्यात काय आहे ते बघायचं. आंब्याची कोय, संत्र्याची साल, द्राक्षाचा चोथा. प्रयोगशाळेत गेलं की रसवंतीच्या मागच्या बाजूला आल्यासारखं वाटायचं. डाळिंबाच्या सालीत जी तुरट द्रव्यं असतात ती पोटात गेल्यावर बदलतात, आणि म्हातारपणी मेंदूच्या पेशींना जो गंज चढतो, माणूस आधी चष्मा विसरतो, मग वाट, मग लेकरं, तो गंज कदाचित थोपवतात, असा सरांचा अंदाज होता. उंदरांमध्ये तसं दिसलं होतं.

मी हे पहिल्यांदा शेडमध्ये सांगितलं तेव्हा तानूबाईनं विचारलं होतं, “उंदरांस्नी काय आठवायचं असतंय, म्याडम?”

“मांजर कुठं हाय तेवढं आठवलं की झालं की त्यांचं!” गुलाब म्हणाली होती.

तर माणसांवर बघायचं ठरलं. गोंदेवाडीतली साठीपुढची चाळीस माणसं निवडली. वीस जणांना सालीच्या अर्काची भुकटी, गूळ आणि सुंठ घालून. वीस जणांना नुसतं भाजलेलं गव्हाचं पीठ, तेही गूळ-सुंठ घालूनच. पुड्या बाहेरून सारख्या, फक्त एकीवर पिवळा ठिपका, एकीवर हिरवा. कुठला ठिपका कशाचा हे मलाही ठाऊक नव्हतं. ती चिठ्ठी सरांनी बंद पाकिटात घालून कॉलेजच्या कपाटात ठेवली होती. कुणाला काय मिळतंय हे कळलं तर माणूस मनानंच बरा होतो, म्हणून ही लपवाछपवी. दर दोन महिन्यांनी मी प्रत्येकाची परीक्षा घ्यायची. पंधरा शब्द सांगायचे, अर्ध्या तासानं किती आठवतात ते बघायचं. वार विचारायचा, महिना विचारायचा. पंतप्रधान कोण म्हणून विचारलं की सखाराम आण्णा म्हणायचे, “कोन का असंना! आमचा इजेचा डीपी जळून तीन आठवडं झालं, त्यो कुनाला आठवला का?” मी त्यांना त्या प्रश्नाचा पूर्ण गुण द्यायची.

आता माझं पाप सांगते. रोज सकाळी घरोघर जाऊन प्रत्येकाच्या हातात पुडी द्यायची, समोर खायला लावायची आणि वहीत सही करायची, हे काम माझं होतं. पहिले बारा दिवस केलं. तेराव्या दिवशी सखाराम आण्णांचा कुत्रा माझ्या ओढणीचा पदर घेऊन गेला. तानूबाई म्हणाली, “आवो म्याडम, कशाला उन्हात तरफडताय? म्हातारीकोतारी सकाळची देवळाच्या कट्ट्यावर जमत्यातच. मी देते की वाटून.” मी पुड्यांची पेटी तिच्या हवाली केली. आठवड्यातून एकदा यायची, चहा प्यायची आणि वहीत सात दिवसांच्या चाळीस-चाळीस सह्या एका बैठकीत ठोकायची.

सहा महिने झाले. आदल्या संध्याकाळी सरांचा फोन आला होता. “वरदा, पिवळे आणि हिरवे, दोन्ही गटांत कणाचा फरक नाही. सालीत काही नाही असं दिसतंय. उद्या जाऊन पुड्या परत आण. आपण इथंच थांबू, आणि तसं लिहून टाकू.” हे सांगायला मी आले होते.

शेडमागे चिंचेखाली तानूबाईची थोरली जाऊ गोजराबाई बाजेवर बसलेली असायची. तिला घरी एकटं ठेवता येत नव्हतं. दोनदा ती स्वतःचंच घर शोधत शेजारच्या वाडीपर्यंत गेली होती. तानूबाई तिला रोज कामावर सोबत आणायची, पुढ्यात साल टाकायची, आणि गोजराबाई त्या सालीचे निवांत बारीक तुकडे करायची. कुणाला नको होते ते तुकडे, पण तिला काम होतं.

“ही कुनाची ल्येक गं?” मला बघून तिनं विचारलं.

“कालिजातली म्याडम हाय, आक्का.”

“बरं बरं. गोरी हाय.” दोन घोट चहा झाला. “ही कुनाची ल्येक?”

तानूबाईनं पुन्हा तितक्याच उत्साहानं सांगितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “ओवी ऐकलीस न्हवं? मग इचार की. पोरी नुसत्या चिडवत्यात मला. सांगूनच टाकते.”

ती उठली. शेडच्या भिंतीला टांगलेला जुना लोखंडी विळा घेऊन आली. माझ्या पेटीतल्या पिवळ्या ठिपक्याची पुडी तिनं फोडली, चिमूटभर भुकटी पात्यावर टाकली, वर बोटानं पाण्याचे दोन थेंब सोडले. आम्ही दोघी बघत बसलो. काजळाची पोटली फुटावी तशी भुकटी हळूहळू काळी पडत गेली. मग हिरवी पुडी. पीठ भिजलं, पसरलं, आणि पिठासारखंच राहिलं.

“साल लोखंडाला लागली की काळं उतरतंय,” ती म्हणाली. “आमच्या सुऱ्या बघ, बोटं बघ. ह्यात काय डोस्कं चालवायचंय? तिसऱ्या दिशीच कळलं आमास्नी, हिरवी पुडी नुसतं पीठ हाय म्हनून.”

सरांनी पाकिटात घालून, लाख लावून, कपाटात ठेवलेलं गुपित होतं ते.

“मग?” मी विचारलं.

“मग काय? कट्ट्यावर चाळीस जनं रांगंनं बसलेली. मी एकाला साल देनार, शेजारच्याला पीठ देनार? सखारामाला पिवळी, त्याच्या सख्ख्या भावाला हिरवी? पंगतीत असं वाढत न्हाईत पोरी. पंक्तिप्रपंच म्हनत्यात त्याला. न्हाई माझा हात वळला. मी सगळ्या पुड्या डब्यात रिचवल्या, कालवल्या, आन् चमच्या-चमच्यानं सगळ्यांस्नी सारखं वाढलं.”

“रोज?”

“रोज. येक दीस चुकला न्हाई,” ती अभिमानानं म्हणाली.

मी डोकं धरून बाजेवर बसले. गोजराबाईनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. “काय झालं गं लेकरा? कुनाची ल्येक तू?”

दोन्ही गटांत कणाचा फरक नव्हता, आणि कसा असणार? सगळ्यांनी एकाच डब्यातलं खाल्लं होतं.

“मावशी, अहो, फरकच तर बघायचा होता! एकाला देऊन, एकाला न देऊन!”

“त्ये तू सांगायचं व्हतंस. तू म्हनलीस, वाटा. मी वाटलं.”

रागानं मी भलतंच बोलून गेले. “गोजराबाईंना हिरवी पुडी होती. तुम्हाला ते कळलं, म्हणून केलंत ना हे सगळं?”

तानूबाईचा चेहरा उतरला. ती जावेच्या पायांशी बसली, तिच्या मांडीवरचे सालीचे तुकडे टोपलीत झाडले.

“कळलं व्हतं,” ती म्हणाली. “तेरा वर्सांची मी आले या घरात. भाकरी करपली की हिनं स्वतःच्या ताटात घ्यायची आन् चांगली माझ्या ताटात सरकवायची. सासूला पत्ता न्हाई. आता ती इसराय लागली तर हिरवीच्या जागी पिवळी ठिवनं काय अवघड व्हतं मला? येका पुडीची तर अदलाबदल. रातभर इचार केला. पर मग ज्याची पिवळी मी घेनार, त्येच्या पानात काय? त्यो बी कुनाचा तरी आक्काच असंल की. म्हनून समद्यांचं येकत्र केलं.”

शेडमधून पळ्यांची टकटक येत होती. तिकडच्यांनी कान आमच्याकडे लावलेत हे त्या टकटकीवरून कळत होतं. ती फार हळू झाली होती.

“आता सायबाला काय सांगनार?” तिनं विचारलं.

“काही नाही. पुड्या परत नेणार. सर लिहितील, सालीचा काही उपयोग होत नाही म्हणून.”

“पर त्ये खोटं हाय.”

“आहे. पण खरं सांगितलं तर वही बाहेर येईल, आणि वहीत सगळ्या सह्या माझ्या आहेत. रोज घरोघर गेल्याच्या. मला काढून टाकतील, मावशी.”

तानूबाईनं टोपलीतली एक साल उचलून बोटांत फिरवली. मग शेडकडे बघत, गाणं म्हणावं की नाही अशा आवाजात म्हणाली,

दाना गेला देसोदेसी, साल पडली दारात
कुनी इचारंना तिला, काय दडलंय पोटात

“मी रचली,” ती म्हणाली. “तू पैल्यांदा आलीस त्या दिशी. म्हनलं, कुनीतरी इचाराय आलं. आता तूच तिच्या तोंडावर लिवून जानार व्हय, पोटात कायबी न्हाई म्हनून? सालीनं काय वाकडं केलंय गं तुझं?”

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आम्ही दोघी कॉलेजात गेलो. मी तिला नको म्हणत होते. ती म्हणाली, “सही तुझी हाय, डबा माझा हाय.” आणि डबा खरंच बरोबर घेऊन आली.

सर खुर्चीत बसून सगळं ऐकत होते. मी विळ्यापासून कुत्र्यापर्यंत सगळं सांगितलं. वही पुढे केली. सरांनी पानं उलटली, एकदा, दोनदा.

“या सह्या खोट्या?”

“तेराव्या दिवसापासून पुढच्या सगळ्या, सर.”

“चूक माझी हाय, सायेब,” तानूबाई म्हणाली. “मी वाढपी.”

“तुमची नाही बाई.” सरांनी चष्मा काढला. ते ओरडणारे नव्हते, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. “वरदा, हा अहवाल जाणार नाही. तुझं वर्ष गेलं. पुढं तुला ठेवायचं का, हे मला विचार करून ठरवावं लागेल.”

“बरोबर आहे, सर.”

“आणि साल?” तानूबाई म्हणाली.

“सालीचं काय?”

“तिचं काय ठरलं?”

सर थकून म्हणाले, “बाई, एकाला द्यायचं आणि एकाला नाही, याच्याशिवाय खरं कळायचा मार्ग नाही. आणि तुमच्या गावात ते होणार नाही.”

“येका पंगतीत न्हाई हुनार,” ती म्हणाली. “पर पंगतीच दोन करा की. आमच्या शेजारी तळेवाडी हाय. येका गावाला समद्यांस्नी साल, दुसऱ्या गावाला समद्यांस्नी पीठ. ज्येच्या नशिबात ज्ये इल त्ये. पंगतीत समान असलं की वाढनारीच्या हाताला दोष न्हाई.”

सरांनी चष्मा पुन्हा घातला आणि तिच्याकडे नीट बघितलं. मग त्यांनी माझी ती खोटी वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि कपाटातून नवी काढली. माझ्या हातात दिली नाही. टेबलाच्या मधोमध ठेवली. मी ती स्वतः उचलली.

ते वर्ष माझ्या पायांनी भरलं. रोज पहाटे गोंदेवाडीची चाळीस माणसं, नंतर तीन किलोमीटर चालत तळेवाडीची चाळीस. सखाराम आण्णांच्या कुत्र्याशी माझी सोयरीक झाली. आता पुड्यांवर ठिपके नव्हते, एका गावाला एकच पुडी. कुठल्या गावाला काय, ही चिठ्ठी यंदा सरांनी प्राचार्यांकडून काढून घेतली होती, स्वतःही बघितली नव्हती. वर्षाअखेरीला ज्या गावाला पीठ गेलं असेल त्याला वर्षभर साल द्यायची, असं दोन्ही गावांना कबूल केलं होतं.

गोजराबाईच्या हातात पुडी तानूबाईच द्यायची, माझ्यासमोर. गोजराबाई त्या वर्षात खूप उतरली. श्रावणापर्यंत ती तानूबाईला नावानं हाक मारायची. दिवाळीत “अगं ए” म्हणायला लागली. संक्रांतीनंतर एकदा माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाली, “ही बाई कोन गं? लई करती माझं. हिला कायतरी दिलं पायजेल.” तानूबाईनं ऐकलं. ती पाणी आणायला गेली आणि नेहमीपेक्षा उशिरा परतली. मी मनात म्हणत होते, गोंदेवाडीला साल आली असली तर सालीचा काही उपयोग नाही. आणि पीठ आलं असलं तर... त्याच्या पुढे मी मनातसुद्धा जायची नाही.

वर्ष झालं. पाकीट फोडायला सर स्वतः आले. चिंचेखाली दोन्ही गावांतली माणसं जमली. शेडमधल्या पोरी टोप्या घालूनच बाहेर येऊन उभ्या राहिल्या. सरांनी चिठ्ठी उलगडली.

“तळेवाडी, साल. गोंदेवाडी, पीठ.”

मी खाली बघितलं. सर पुढं सांगत होते, की तळेवाडीची माणसं वर्षभरात थोडी कमी विसरली, थोडीच, नखाएवढी. दोन वाड्यांवरून जगाला सांगण्यासारखं हे काही नाही, पण पुढच्या माणसानं दार ठोठावावं इतकं आहे. मला ते अर्धवट ऐकू येत होतं. मी तानूबाईकडे जायचा धीर गोळा करत होते.

तीच आली. “तोंड का पाडलंस? पास झालीस न्हवं?”

“मावशी, तुम्हाला पीठ आलं. वर्षभर.”

“म्हाईत हाय की.”

“म्हणजे?”

“पैल्याच दिशी. जिभंवर टाकली आन् कळलं. इळा कशाला लागतोय त्येला?”

“गावात आणखी कुणाला...”

“समद्या बायांस्नी,” मागून गुलाब म्हणाली. “आमची जीभ काय गहान हाय व्हय, म्याडम?”

चाळीस घरं. वर्षभर. एका तोंडातून शब्द बाहेर आला नव्हता, आणि मी रोज शहाण्यासारखी त्यांना सांगत होते, की कुठली पुडी आहे ते मलाही माहीत नाही हं. सरांनी हे ऐकलं. कपाळाला हात लावून म्हणाले, “वरदा, हे पण लिहावं लागेल आता.”

“लिहू, सर. सगळं लिहू.”

मी तानूबाईचा काळा हात धरला. “पण मावशी, तुम्ही बोलला का नाही? गोजराबाई तुमच्या डोळ्यांसमोर... शेजारच्या वाडीतून चिमूटभर साल आणायला कितीसा वेळ लागला असता? शेडमागे तर डोंगर पडलाय सालीचा!”

“लागला नसता,” ती म्हणाली. “दोनदा उठले व्हते. येकदा तर डोंगरापाशी जाऊन पदराचा वटा भरला व्हता. मग म्हनलं, पैली पंगत तळेवाडीची बसलीय. ती जेवून उठल्याबिगर वाढनाऱ्यांनी पानाला हात लावायचा नसतो. आमी शेवटच्या पंगतीची मानसं.” तिनं हात पुढे केला. “आता आन. आता आमची पंगत.”

मी पेटी उघडली आणि सालीची पहिली पुडी तिच्या तळहातावर ठेवली. तिनं ती बाजेपाशी नेली, गोजराबाईच्या शेजारी टेकली, पुडी फोडली आणि भुकटी तिच्या जिभेवर सोडली. गोजराबाईनं तोंड वाकडं केलं.

“तुरट हाय गं! कुनी दिलं ह्ये?”

“मी दिलं, आक्का.”

“तू कोन?”

जावेच्या ओठाला लागलेला कण तानूबाईनं पदरानं टिपला.

“मी व्हय? मी वाढनारी.”

गोजराबाईनं तिच्याकडे निरखून बघितलं. मग तिचा हात तानूबाईच्या पोटाशी गेला, लहान पोराचं चाचपावं तसं तिनं ते चाचपलं.

“मग तू जेवलीस का?”